खुर्चीत बसून लागलेली गाडी

मला आयुष्यात कधी गाडी लागली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून माझ्याबद्दल गैरसमज व्हायचा.

आमच्या जावा बेटावर, बांडुंग ते चिरेबोन, सुमेडांगच्या घाटातून, मी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली. घाट सुरू होण्याआधी लोक खाली उतरायचे, सुमेडांगचं गरम तळलेलं टोफू हिरव्या मिरच्यांसकट पोटभर खायचे आणि वळणं सुरू झाली की एकेक करून परत करायचे. पिशव्या वाटायचं काम कंडक्टरचं. धीर द्यायचं माझं. "खाली बघू नका, लांब समोर बघा, लिंबू हुंगा," असं मी आरशात बघून ओरडायचो. मनातून मला त्या लोकांची थोडी कीवच यायची. चांगली धडधाकट माणसं, बसल्या जागी अशी पांढरी कशी पडतात?

तर अशा माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या लाकडी खुर्चीत, जिचे चारही पाय फरशीला टेकलेले होते अशा खुर्चीत, गाडी लागली. आणि हे सगळ्या गल्लीला कळलं.

माझी बायको एन्तिन गेली त्याला वर्ष होऊन गेलं. गल्लीच्या तोंडाशी तिची सुराबीची चूल होती. सुराबी म्हणजे तांदळाच्या पिठाची, नारळाच्या दुधातली जाड धिरडी. मातीच्या तव्यावर घालायची, वर मातीचंच झाकण. बांडुंगची सकाळ गार असते. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की माणसं मशिदीतून निघून हात चोळत थेट तिच्या चुलीपाशी यायची. निम्मी सुराबीसाठी, निम्मी शेकायला. शेकणाऱ्यांना ती म्हणायची, "धूर फुकट आहे, तो घ्या आणि निघा." पुढे रस्ता रुंद झाला, तो कोपरा गेला, तिथलं फणसाचं झाड गेलं आणि नंतर वर्षाच्या आत तीही गेली.

तिचा फोटो म्हणाल तर एक आहे, सरकारी ओळखपत्रावरचा. त्यात ती आत्ताच कुणीतरी पकडून आणल्यासारखी दिसते. बाकी कुणी फोटो काढायला लागलं की ती तव्याचं झाकण तोंडापुढे धरायची. "चूल बंद असेल तेव्हा या," म्हणायची. चूल कधी बंद नसायची.

आता शेजारच्या चेउ ओनेहबद्दल. चेउ म्हणजे आपली ताईच. ती माझ्यापेक्षा लहान आहे, पण सगळी गल्ली तिला ताई म्हणते, कारण तिला सगळ्यातलं सगळं कळतं. तिची मुलगी रात्ना कॉलेजात शिकवते. रस्ता रुंद होण्याआधी रात्नाने आमच्या गल्लीचं चित्रण करून ठेवलं होतं, तेही एका बाजूचं नाही, चारही बाजूंचं. कांग ओमो, म्हणजे ओमोदादा, इथे गाड्यावर बाक्सो विकतो, मांसाच्या गोळ्यांचं सूप. त्याच्या गाड्यावर दांडी बांधून तिने वर कॅमेरा लावला आणि सकाळच्या वेळी त्याला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडा ढकलायला लावलं. ते चित्रण बघायला एक डबा डोळ्यांवर बांधावा लागतो. रात्ना त्याला व्हीआर हेडसेट म्हणते. आम्ही डबाच म्हणतो.

मला सगळी गल्ली अबाह म्हणते, म्हणजे बाबा. एके दिवशी ती म्हणाली, "अबाह, त्यात एन्तिनमावशी आहे."

मी म्हटलं, "दाखव."

तिने आधी फोनवर दाखवलं. एन्तिन तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि पुढे धूर. ती आहे हे मला ओळखू आलं, पण काय करते आहे ते दिसेना. रात्ना म्हणाली की डब्यात ती खऱ्याएवढी दिसेल. तुम्ही गल्लीतून जाताय आणि ती समोर बसली आहे, असं. मला तशीच पाहिजे होती, तिच्या उंचीची.

डबा कॉलेजचा. बाहेर न्यायचा तर गल्लीप्रमुखाचं पत्र लागतं. आमचे गल्लीप्रमुख दिदिनसाहेब शिक्का खिशात घेऊनच फिरतात, पण कारण लिहिल्याशिवाय तो उमटवत नाहीत.

"कारण काय लिहू?"

"बायकोला बघायचंय."

"हे सरकारी कागदावर बरं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी 'संशोधन' असं लिहिलं. आठवी पास माणूस त्या दिवशी संशोधक झाला. शनिवारी डबा प्रदर्शनासाठी जकार्ताला जायचा होता, म्हणजे संशोधनाला तेवढेच दिवस.

पहिल्या दिवशी रात्नाने मला खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला आणि सुरू केलं. काय सांगू. आमची जुनी गल्ली समोर उभी. टायरवाल्याचं दुकान, मशिदीच्या पायऱ्या, वाळत घातलेले कपडे. मान वळवावी तिकडे गल्ली. कांग ओमोचा चमचा वाटीवर टिंग टिंग वाजत होता. गाडा हलला, घरं मागे जायला लागली. आणि टायरवाल्याच्या दुकानापाशी माझ्या कपाळाला घाम आला, तोंडाला पाणी सुटलं. रात्ना म्हणाली, "पहिला घाम आला की डबा काढा, अबाह." पण मी सुमेडांगच्या घाटाचा ड्रायव्हर. मी काढला नाही. मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत पोचलो आणि चेउ ओनेहच्या तुळशीच्या कुंडीत ओकलो.

चेउ ओनेह दारातून म्हणाली, "जेवणात टाकायची तुळस होती ती."

चित्रण गल्लीच्या आतल्या टोकापासून सुरू होतं, म्हणून एन्तिनचा कोपरा पार शेवटाला. तिथवर पोचायच्या आतच माझी बस बंद पडायची. मधलं गाळून थेट तिच्यापाशी जाता येतं म्हणून तेही करून बघितलं. एकदम चालत्या गाडीत फेकल्यासारखं झालं, दोन घरंसुद्धा तग धरला नाही. आणि तिथे गाडा थांबतही नव्हता. एन्तिन आणि कांग ओमो यांचं जमत नसे. तो तिच्या चुलीपुढे गाडा लावायचा, ती त्याला हाकलायची. त्यामुळे तिचा कोपरा आला की तो मान खाली घालून भरभर ढकलायचा. चित्रणातही त्याने तेच केलं होतं.

रात्नाने कारण समजावून सांगितलं. डोळे म्हणतात आपण चाललोय, अंग म्हणतं आपण बसलोय. दोघांचं भांडण होतं आणि दंड पोट भरतं. मग तिने उपाय सांगितले. पाय जमिनीवर घट्ट ठेवा. थोडा वेळ बघा, विश्रांती घ्या. दोन भिंगांमधलं अंतर तुमच्या डोळ्यांप्रमाणे लावून घ्या. तुमचा चष्मा आत मावत नाही, म्हणून तुम्हाला अंधुक दिसतं, डोळ्यांवर ताण येतो, त्यासाठी नंबरची भिंगं बसवून घ्या. आणि काही लोक म्हणे चित्रात खालच्या बाजूला एक नाक काढतात. डोळ्यांना धरायला काहीतरी स्थिर मिळालं की घेरी कमी येते.

या सगळ्यातलं नाक तेवढं दिदिनसाहेबांच्या लक्षात राहिलं.

"चित्रातलं कशाला, अबाहना स्वतःचं आहे की," ते म्हणाले. डब्याखालच्या फटीतून माझं नाक दिसतं का हे त्यांनी वाकून तपासलं. दिसत होतं, पण काळोखात. मग त्यांनी घरून बायकोची तोंडाला लावायची तांदळाची पावडर आणली, पाण्यात कालवली आणि माझ्या नाकाला लेप दिला. वाळल्यावर नाक चुन्याच्या खांबासारखं झालं. डब्यात ते छान दिसायचं. त्या दिवशी मी मशिदीच्या पायऱ्या ओलांडून शिंप्याच्या घरापर्यंत गेलो, मग आडवा झालो. दिदिनसाहेब म्हणाले, "प्रगती आहे."

उत्साहाच्या भरात मी तसाच उठून सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागात गेलो. डोळ्यांमधलं अंतर मोजून घ्यायचं आणि भिंगांचा नंबर काढायचा. खिडकीत एक गंभीर चेहऱ्याच्या बाई होत्या.

"चष्मा जवळचा की लांबचा?"

"बायकोला बघायचा."

"त्या किती लांब असतात?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. "त्या वारल्या. वर्ष झालं."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं आणि मग माझ्या नाकाकडे बघितलं. नाकाचा लेप मी विसरलो होतो. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अबाह, तुम्ही त्या हिरव्या खिडकीपाशी बसा हं. तिथले डॉक्टर फार चांगले आहेत."

हिरव्या खिडकीतले डॉक्टर खरंच चांगले होते. त्यांनी मला झोप लागते का, जेवण जातं का, आवाज ऐकू येतात का, असं विचारलं. मी म्हटलं, कांग ओमोच्या वाटीचा येतो. त्यांनी ते लिहून घेतलं. शेवटी मी विचारलं की माझ्या डोळ्यांमधलं अंतर कोण मोजणार. ते म्हणाले, "त्याची आता काळजी करू नका." दोन आठवड्यांनी परत बोलावलं आहे. भिंगं मिळाली नाहीत. अंतर शेवटी रात्नाने आरशापुढे पट्टी धरून मोजलं आणि चष्म्याच्या दुकानातून माझ्याच जुन्या चष्म्याची भिंगं गोल कापून आत बसवून घेतली. तेव्हापासून दिसायला लख्ख लागलं. पण लख्ख दिसणाऱ्या गल्लीतही घेरी यायची ती आलीच. उलट आता ओकताना मला सगळं स्पष्ट दिसायचं.

शुक्रवारी सकाळी चेउ ओनेहने निकाल दिला. "हे डोळ्यांचं नाही आणि नाकाचं तर नाहीच. अंगात वारा शिरलाय. पाठ घासायला पाहिजे."

आमच्याकडे सर्दी, ताप, घेरी, जागरण, काहीही झालं तरी अंगात वाराच शिरलेला असतो. तो काढायला पाठीला तेल लावून नाण्याने घासतात. जितके लाल वळ उठतील तितका वारा जास्त. परक्या बाईने विधुराची पाठ घासणं बरं नाही, म्हणून चेउ ओनेह दाराबाहेर उभी राहून हुकूम सोडत होती आणि आत कांग ओमो घासत होता. हात कसा, तर हाडं घणाने फोडणाऱ्याचा.

"किती लाल झाली?" बाहेरून विचारणा.

"टोमॅटो."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? अजून घास."

पाठीचं रीतसर मांस करून झाल्यावर कांग ओमो म्हणाला, "अबाह, लगेच बघा आता, वारा परत शिरायच्या आत." आणि प्रेमाने स्वतःच्या हाताने डबा माझ्या डोळ्यांवर बांधला. त्याच हाताने. कायुपुतीच्या तेलात मनगटापर्यंत बुडालेल्या. ते तेल नाकाशी धरलं तरी पडसं पळतं. डब्याच्या गादीला ते लागलं, गादी डोळ्यांना लागली, आणि माझ्या डोळ्यांतून जी धार सुरू झाली ती थांबेना. मी डबा काढून अंगणात नळाकडे धावलो. उघड्या अंगाने, पाठीवर लाल पट्टे, आणि रडतोय.

समोरच्या घरातून हे बघितलं गेलं. आमच्या गल्लीत बघितलं गेलं म्हणजे संपलंच. दुपारच्या नमाजेनंतर माणसं यायला लागली. केळीच्या पानातला भात आला, खारा मासा आला, मिरचीची चटणी आली, कच्च्या भाज्यांचं ताट आलं. मशिदीत शिकवणारे उस्ताद आले आणि त्यांनी एन्तिनसाठी दुवा मागितली. चटया अंथरल्या गेल्या. मी सगळ्यांना सांगत होतो, "अहो, तेल गेलं डोळ्यांत."

टायरवाल्याची म्हातारी आई माझ्याजवळ सरकून बसली आणि माझा हात दाबून म्हणाली, "हो रे बाबा. तेलच गेलंय. तेल म्हणूनच रड तू."

एन्तिन गेली तेव्हा इतके लोक आले होते की मला रडायला जागाच नव्हती. आणि नंतर जागाच जागा झाली, पण तेव्हा कुणी नव्हतं. मी मासा घेतला आणि जेवलो. चटणी तिच्यासारखी नव्हती, पण वाईट नव्हती.

सगळे गेल्यावर रात्ना डबा पुसत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तो घेऊन निघायचं होतं. ती म्हणाली, "अबाह, मी चित्रण जपून ठेवते. पुढच्या वर्षी चांगलं यंत्र येईल."

माझ्या वयात पुढच्या वर्षीचं तिकीट कुणी आधी काढत नाही. मला आमच्या बसमधले लोक आठवले. कुणाला गाडी लागायची? जो खाली बघत बसायचा त्याला. डोळ्यांना समोरची सीट दिसते, ती हलत नाही, आणि अंगाला घाट कळतो. समोर रस्त्याकडे बघणाऱ्याला कमी लागायची.

मी म्हटलं, "रात्ना, माझ्या डोळ्यांना गल्ली दिसते आणि अंगाला खुर्ची कळते. मग अंगालाही गल्लीच देऊ या."

"हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, अबाह."

"तू भांडण सांगितलंस. मी तडजोड सांगतोय. ओमोचा गाडा आहे, गल्ली आहे. त्याने मला त्याच चालीने ढकलायचं."

तिने कांग ओमोला हाक मारली.

शनिवारी सकाळी, फजर झाल्यावर, गाड्यावरचं काचेचं कपाट उतरवलं. जिथे रोज सुपाचं पातेलं असतं तिथे फळी टाकून स्टूल दोरीने बांधलं आणि त्यावर मला बसवलं. बस चालवलेल्या माणसाला बाक्सोच्या जागी बसावं लागलं, यावर मी जास्त बोलत नाही. दिदिनसाहेब गळ्यात शिट्टी अडकवून पुढे उभे राहिले. मोटारसायकली बाजूला काढायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. रात्ना फोन घेऊन बाजूने चालणार होती. डब्यात मला जे दिसतं ते तिला फोनवर दिसत होतं, त्यावरून ती कांग ओमोला 'हळू' आणि 'चल' सांगणार होती.

पहिली फेरी बरी चालली होती. टायरवाला मागे पडला, घाम नाही. मशिदीच्या पायऱ्या गेल्या. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात एका खिडकीतून आवाज आला, "कांग, दोन वाट्या, एकात शेवया नकोत." आणि कांग ओमो इतक्या वर्षांच्या सवयीने थांबला. अंग थांबलं, गल्ली चालतच राहिली. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. मला उतरवून लिंबू हुंगवावं लागलं.

रात्ना म्हणाली, "कांग, तुम्ही का थांबलात?"

"गिऱ्हाईक होतं."

"गाड्यावर अबाह आहेत. विकणार काय तुम्ही?"

दिदिनसाहेब तडक मशिदीत गेले आणि कर्ण्यावरून जाहीर केलं की आज बाक्सो मिळणार नाही, गाड्यावर अबाह सुहर्ना आहेत, नागरिकांनी सहकार्य करावं. त्यामुळे दुसऱ्या फेरीला सगळी गल्ली दारात उभी होती. मला ती दिसत नव्हती, खोकला ऐकू येत होता.

दुसऱ्या फेरीला गाडा हलला आणि चित्रातली गल्लीही हलली, दोन्ही एकदम. चाकाखाली फरशी खडखडायची तेव्हा समोरची घरंही थोडी थरथरायची. माझं पोट गप्प होतं. टायरवाला, पायऱ्या, शिंप्याचं घर. मग फणसाचं झाड आलं, पाडण्याआधीचं, बुंध्याला फणस लागलेले. त्याच्या पुढे धूर दिसला.

एन्तिन बुटक्या पाटावर बसली होती, तिच्या उंचीची. निळा रुमाल मागे गाठ मारून बांधलेला. पीठ ओतत होती, झाकण ठेवत होती, दुसरं उचलून बघत होती. कांग ओमोचा गाडा बघून तिने ओठ आवळले, नेहमीसारखे.

तिच्या शेजारच्या बाकावर एक जाडा माणूस झोपला होता. मान मागे भिंतीला, तोंड उघडं. मला रागच आला, की ही बाई इथे राबतेय आणि हा कोण गबाळा बाक अडवून पडलाय. मग शर्ट ओळखला. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तिच्या मदतीला जायचो. लाकडं पोचवायची आणि मग बाकावर बसून लक्ष ठेवायचं. ते लक्ष असं ठेवलं जात होतं हे मला माहीत नव्हतं. आता ते कॉलेजच्या पोरांनी बघितलंय आणि जकार्ताचे लोक बघणार आहेत.

ती बांबूच्या पंख्याने चुलीला वारा घालत होती. दोन-तीनदा चुलीला. मग, न बघताच, हात तसाच वळवून एकदा बाकावर झोपलेल्या माझ्या तोंडावर. परत चुलीला. परत माझ्याकडे. माशा असतील, नाहीतर धूर माझ्याकडे येत असेल. गिऱ्हाईकाशी बोलणं चालू, हात चालू.

कांग ओमो भरभर ढकलायला लागला, चित्रातलाही आणि खराही. मी स्टुलावर मागे वळलो. कुणीतरी ओरडलं, "अबाह, पडाल." मी वळूनच बसलो. ती लहान होत गेली. पंखा इकडे, पंखा तिकडे. मग धुराआड गेली.

गाडा थांबला तो नव्या रस्त्याच्या कडेला. रात्नाने डबा काढला. समोर गाड्यांची रांग होती, ऊन वर आलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कांग ओमोने पिशवी तयार धरली होती.

"लागली का गाडी?" त्याने विचारलं.

"नाही."

"आणि दिसल्या का?"

"दिसली. तुझ्यावर चिडली होती."

"असणारच," असं म्हणून तो समाधानाने पिशवीची घडी घालायला लागला.

रात्नाला उशीर होत होता, ती डबा घेऊन गेली. लोक पांगले. चेउ ओनेह माझ्याबरोबर घराकडे चालत होती. मी तिला सांगितलं, "एन्तिन मला वारा घालत होती. मी झोपलो होतो तेव्हा."

"रोज घालायची की," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुम्ही म्हशीसारखे पसरायचात आणि ती एका हाताने सुराबी सांभाळून दुसऱ्याने तुम्हाला वारा घालायची. आम्ही हसायचो."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

चेउ ओनेह थांबली. मी अगदीच साधी गोष्ट विचारल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही जागे राहिला असता ना, अबाह. मग तिने वारा कुणाला घातला असता?"